दोन वर्षं अजून

सुयांचा डबा हरवला तेव्हा गुलबानूने कोणालाच सांगितलं नाही. जाळं विणायच्या त्या चपट्या सुया चाळीस वर्षं ओमानमधल्या सहम गावच्या त्यांच्या दुकानात एकाच फळीवर होत्या. मग नवऱ्याचा, हुसैनमियाँचा ट्रान्झिस्टर गेला. मग हिरव्या काठाची रजई. आणि गेल्या सोमवारी भाकऱ्यांची लाकडी काटवट, जिचा एक कान १९८९ साली थोरल्या जाफरने पाडला होता.

बहात्तरावं वर्ष. आपलं डोकं गळायला लागलं, असं तिच्या मनाने घेतलं. म्हणून आज शुक्रवारी दुपारी, शहरात, माबेल्याला, धाकट्या नुमानच्या घरी सोफ्यावर बसून ती डोळे मिटून उजळणी करत होती. बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारी तसबीहचे मणी ओढतेय. तसबीह हातात होतीही, पण ओठांवर वेगळंच होतं.

'एकोणिसाव्या वर्षी उरुग्वेहून पोर्तुगाल. तिथे तीन वर्षं, पहिले आठ महिने नुसता बाकावर. मग इटली, दहा वर्षं. तिथेच गुडघा गेला, सात महिने घरी. मग स्पेन, तीन वर्षं. मग सगळे म्हणाले, संपला. तर ग्रीसने घेतला. दोन वर्षं. मग अजून दोन. सगळे मिळून गोल चार, त्यातले दोन आपल्याच जाळीत.'

एकही चुकलं नाही. मग सुया कुठे गेल्या?

एलिसेओ कान्तेरो हे नाव हुसैनमियाँच्या जिभेवर कधी बसलंच नाही. त्यांनी पहिल्या आठवड्यातच त्याचा इल्यास करून टाकला. सहमच्या सुकाजवळ, म्हणजे बाजाराजवळ, कॉफी पिताना त्यांनी त्याला टीव्हीवर पाहिलं होतं. पोर्तुगालच्या कुठल्याशा संघाचा सडपातळ बचावपटू, मोजे घसरलेले. हुसैनमियाँचं दुकान मासेमारीच्या जाळ्यांचं. किनाऱ्यावर संध्याकाळी खेळणारी पोरं गोलाच्या जाळ्याही त्यांच्याकडूनच नेत. ते म्हणत, "गोल मारणारा जाळी हलवतो. हा जाळी शाबूत ठेवतो. मी जाळ्यांचा व्यापारी. मी कोणाची बाजू घ्यायची?"

"अब्बा, जाळी फाटली तरच आपला धंदा," नुमान त्यांना चिडवायचा.

"धंदा वेगळा, इमान वेगळं," ते म्हणत.

आणि मग नुमानच्या मुलीच्या, उमामाच्या अकीक्याच्या, म्हणजे बारशाच्या जेवणात, पन्नास पाहुण्यांसमोर, हातात बिर्याणीची ताटली घेऊन त्यांनी ते वाक्य उच्चारलं. त्याच आठवड्यात इल्यासने इटलीत सही केली होती. हुसैनमियाँ म्हणाले, "हा पोरगा ज्या दिवशी आपल्या गावच्या क्लबात परतेल, त्या दिवशी सहमच्या दुकानाला कुलूप. हुसैनमियाँपण आपल्या गावी. जबान आहे."

उमामा आता सतरा वर्षांची होती. हुसैनमियाँना जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि आज दुपारी चार वाजता इल्यास अथेन्समधून सांगणार होता, की शेवटचा हंगाम कुठे खेळणार.

*

मेहविश स्वयंपाकघरात कोळंबीचं सालन उतरवत होती आणि नवऱ्याशी हळू आवाजात बोलत होती. ती दवाखान्यात रिसेप्शनवर होती. हळू आवाजात पण ठासून बोलायची तिला सवय होती.

"समजा इल्यास गावी नाही गेला, तर अम्मी इथे येणार. बरोबर?"

"बरोबर," नुमान म्हणाला. तो कोळंबी चाखत होता.

"आणि तो गेला, तर अम्मी आपल्या गावी जाणार."

"हो. दापोलीच्या बंगल्याला रंग दिलाय जाफरभाईने. पिस्ता."

"म्हणजे सहमला राहणं कशातच नाही?"

नुमानने चमचा खाली ठेवला. "सहमला एकटी कशी राहील, मेहविश? जाफरभाई आज ना उद्या जाणारच. मग दुकान कोण बघणार? आणि तिला स्वतःलाच जायचंय गावी. जाफरभाई दर ईदला सांगतो, अम्मीचा जीव गावाकडे लागलाय."

"अम्मीने सांगितलंय का तुला, स्वतः?"

"जाफरभाईने सांगितलंय ना."

मेहविशने झाकण ठेवलं. तिने उमामाच्या खोलीत दुसरी खाट लावून ठेवली होती, नवी चादर घातली होती. कालपासून अम्मी त्या खाटेवर तिरकी बसत होती, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या बायकांसारखी. हे मेहविशने पाहिलं होतं. रोज शंभर माणसं तशी बसलेली ती बघत असे. पण आता बाहेर गाडी थांबली होती, आणि जाफरभाई जिन्यातूनच सलाम करत होता.

*

जाफर सहमहून दोन तास गाडी चालवून आला होता. वाटेत तो एकटाच हसत होता. एक्कावन्न वर्षांचा माणूस, गुडघे दुखतात, पण आज तो लहानपणी ईदला निघावा तसा निघाला होता.

त्याची बायको अमरीन सहा वर्षांपासून गावी होती, मुलांच्या कॉलेजसाठी. सहा वर्षं तो फोनवर जेवत होता. म्हणजे फोन समोर ठेवून, तिकडे तिचं ताट, इकडे याचं. आता ते संपणार. इल्यास कुठे जाणार हे सगळ्या वर्तमानपत्रांनी आधीच छापून टाकलं होतं. उरुग्वेच्या नदीकाठच्या त्या गावात म्हणे फलकही लागले होते. दुकानाची जागा ज्यांच्या नावावर होती त्या अर्बाबचा, म्हणजे स्थानिक मालकाचा मुलगा सालिम तिथे कॉफी शॉप काढायला कधीचा टपला होता. जाफरने त्याला सांगून ठेवलं होतं, "मगरिबच्या नमाजाआधी फोन करतो. मग खलास, चावी तुझी."

आणि त्याने अजून एक गोष्ट केली होती, जी फक्त त्याला आणि दुकानातल्या शांतारामला माहीत होती. ती तो आज जाहीर करणार होता. अम्मी रडेल, असं त्याला वाटत होतं. आनंदाने.

"अम्मी! काय, चेहरा का उतरलाय? आजचा दिवस आहे ना आपला!"

"वय उतरतं तसा चेहरा उतरतो," गुलबानू म्हणाली. "जेवून घे. भाकऱ्या मेहविशने केल्यात. स्टीलच्या परातीत. माझी काटवट सापडत नाही कुठे."

जाफरने घाईघाईने तोंडात घास भरला.

*

चारला पाच कमी असताना उमामाने आपला लॅपटॉप टीव्हीला जोडला. शाळेच्या संघात ती बचावफळीत खेळायची. दादाजींनी तिला पाळण्यात असल्यापासून इल्यासच दाखवला होता, तिच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता. तिला थोडं स्पॅनिशही समजायचं, त्याच्या मुलाखती ऐकून ऐकून. मराठी मात्र तिला शोधून शोधून बोलावी लागे.

"सगळे क्वाएट," ती म्हणाली. "मी ट्रान्सलेट करते. कोणी मध्ये बोलायचं नाही. बडे अब्बा, स्पेशली तुम्ही."

पडद्यावर एक माणूस आला. सूट खांद्यात घट्ट, दाढीत पांढरे. गुलबानू पुढे सरकली. किती म्हातारा झाला हा! हा तर काल, काल म्हणजे चार वर्षांपूर्वी, शाहीन वादळाच्या वर्षी, ग्रीसला गेला तेव्हा कसा ताठ होता. त्या वर्षी दुकानात कमरेएवढं पाणी शिरलं होतं. ओली जाळी किनाऱ्यावर पसरून पसरून तिची आणि मियाँची पाठ धरली होती.

'कुठेही जा,' ती मनात म्हणाली. 'तुर्कस्तानला जा. सायप्रसला जा. कुवेतला ये हवं तर. पण गावी नको, बाबा.'

"तो थँक यू म्हणतोय सगळ्यांना," उमामा सांगू लागली. "कोचला. डॉक्टरला. जो गुडघ्याचा डॉक्टर होता, इटलीतला, त्याला पण. आता तो म्हणतो... तो म्हणतो, मी घरी जातोय. माझा फर्स्ट क्लब. फर्स्ट आणि लास्ट."

"अल्हम्दुलिल्लाह!" जाफर उठलाच. त्याने आधी नुमानला मिठी मारली, मग टीव्हीच्या दिशेने हात केले, मग येऊन अम्मीच्या पायाशी बसला. त्याचे डोळे भरले होते. "अब्बा, ऐकलंत? गेला तो! जबान पुरी झाली!"

"मुबारक," गुलबानू म्हणाली. तेवढंच.

"आता माझं ऐक. मी तुझ्यासाठी काय केलंय माहितीये? तुला वाटत असेल, आता आवराआवर, खोकी, बांधाबांध. काही नाही! चार कार्टन कार्गोने पुढे गेले पण. समुद्रात आहेत आत्ता. तुझ्या जिवाभावाच्या सगळ्या वस्तू मी एकेक करून उचलल्या. शांतारामला पण कसम घातली. अब्बांचा रेडिओ, तुझी हिरवी रजई, काटवट..."

"सुया?"

"सुयांचा डबा पण! तू फक्त विमानात बसायचं. उतरलीस की सगळं तिथे हजर."

गुलबानू त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. जाफरला वाटलं, आलं रडू. त्याने तिचा हात धरला. पण म्हातारी हसत होती. पदर तोंडावर दाबून हसत होती, आणि थांबेना.

"म्हणजे मी विसरले नाही!"

"काय विसरली?"

"अरे मेल्या, दोन महिने मला वाटतंय माझं डोकं गेलं! मी रोज इल्यासचे क्लब मोजते, डोकं शाबूत आहे का बघायला! शांतारामला विचारलं, तर तो वर बघतो, छताकडे! मी म्हटलं, बघ, याला पण माझी दया येते!"

आता मेहविशही हसली. नुमान हसला. जाफर ओशाळून हसला. आणि त्या हसण्यातच उमामाचा आवाज आला.

"एक मिनिट. अजून संपलं नाही. प्लीज!"

सगळे वळले. पडद्यावर एका पत्रकाराने हात वर केला होता.

"ती विचारते, तुम्ही हॅपी आहात का, घरी जाऊन. आणि तो..." उमामाने मागे नेऊन पुन्हा ऐकलं. "तो म्हणतो, नो."

"काय नो?" जाफर म्हणाला.

"तो म्हणतो, मी खोटं नाही बोलणार. मी अजून दोन वर्षं मागितली होती. क्लबने नाही दिली. मग मी सगळीकडे फोन केले. सहा क्लब. कोणी नाही घेतलं. कोणी बोलावलं असतं तर मी गेलो असतो. गाव माझं आहे, आई आहे तिथे, मी त्यांना लव्ह करतो. पण माझी जागा..." ती शब्द शोधत थांबली. "ती रेघ असते ना, गोलच्या पुढे. तिथे माझी जागा आहे. ती सोडून जाताना कोण हॅपी असतं?"

पडद्यावर त्या माणसाने पाण्याचा पेला उचलला, प्यायला नाही, परत ठेवला. मग तो हसला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नुमानने जाफरकडे पाहिलं. जाफर अजून पडद्याकडेच बघत होता.

"खरा माणूस," गुलबानू म्हणाली. "उगाच नाही तुझ्या दादाजींनी एवढी वर्षं पाहिला." मग ती सरळ होऊन बसली. तिरकी नाही, मेहविशने ते बरोबर टिपलं. "जाफर, तुझ्या अब्बांनी हलवा किती वेळा वाटला?"

"हलवा?"

"ओमानी हलवा. सुकातून आणून, दुकानासमोर उभं राहून. येणाऱ्या जाणाऱ्याला."

"इल्यासच्या नावाने ना? इटलीने घेतला तेव्हा. गुडघा बरा झाल्यावर."

"स्पेनच्या वेळी," नुमान म्हणाला. "आणि ग्रीसच्या. मला आठवतंय, अर्बाबला पण चारला, त्याला साखर असून."

"ग्रीसच्या आधी काय झालं होतं?"

"स्पेनने काढला होता त्याला. सगळे म्हणत होते, आता गावी जाणार."

"नऊ दिवस," गुलबानू म्हणाली. "नऊ दिवस तुझे अब्बा धड जेवले नाहीत. दर नमाजला दुआ. मी विचारलं, कसली दुआ करता? तर म्हणाले, पोराला कुठेतरी घेऊ दे. मला वाटलं, किती जीव लावलाय परक्या पोरावर. दहाव्या दिवशी ग्रीस आलं. हलवा आणला. मी डबा उघडत होते, तर माझ्याकडे न बघता काय म्हणाले माहितीये? 'चला गुल, आपली दोन वर्षं झाली.' आपली! इल्यासची नाही."

जाफरने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"त्याचा करार दोन वर्षांचा, आपलं रहिवासी कार्डपण दोन वर्षांचं. ते पन्नास माणसांसमोर जबान देऊन बसले होते. मोडायची लाज. मग काय करणार? आपलं राहणं इल्यासच्या पायांवर टाकून मोकळे. पुढे दोन महिन्यांत वादळ आलं. जायचंच असतं तर त्याच्यासारखं कारण नव्हतं. गेले का? ओल्या जाळ्या वाळवत बसले. आणि मी त्यांच्या शेजारी बसले, गाठी तपासत."

"म्हणजे..." जाफर हळूच म्हणाला, "तुला जायचं नाही?"

"त्या माणसाने सगळ्या दुनियेसमोर खरं सांगितलं. मी पोटच्या पोरांसमोर कशाला लाजू? नाही जायचं. दापोलीला मी पिस्ता रंगाच्या बंगल्यात खुर्चीवर बसेन आणि लोक मला चहा आणून देतील. इथे मेहविश देईल. मेहविश, वाईट वाटून घेऊ नको, तुझा चहा चांगला असतो. पण सहमला लोक मला फाटकी जाळी आणून देतात."

"अम्मी, मी कशाला वाईट वाटून घेऊ?" मेहविश पटकन म्हणाली. "तुम्ही सहमला असलात की आम्हाला दर शुक्रवारी जायला समुद्र आहे. इथे काय आहे? पार्किंग."

नुमानने बायकोकडे पाहिलं. सकाळपर्यंत ती त्याच्या बाजूला होती. "तू तर खाट पण लावलीस," तो पुटपुटला.

"खाट घडी होते," मेहविश म्हणाली.

पण जाफर अजून जमिनीवरच बसला होता, आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता. तो हातातली दुकानाची चावी उलटसुलट करत होता.

"मग माझं काय, अम्मी?"

"तुझं काय?"

"मला जायचंय." हे तो एवढ्या बारीक आवाजात म्हणाला, की उमामाने टीव्ही बंद केला. "सहा वर्षं झाली. माझा थोरला दाढी करतो आता. मला जायचंय. सगळ्यांना मी सांगत होतो, अम्मीला ओढ लागलीय, अब्बांची जबान आहे. स्वतःच्या नावाने कसं म्हणू, की मी थकलो? अब्बांनी एवढं उभं केलं आणि मोठा मुलगा म्हणतो, बायकोची आठवण येते."

गुलबानूने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ झाले होते. त्याच डोक्यावर एकदा काटवटीचा कान बसून टेंगूळ आलं होतं, तेही तिला आठवलं.

"मग स्वतःच्या नावाने जा ना, बाळा. माझ्या नावाने कशाला जातोस? अमरीन काय माझी वाट बघतेय?"

नुमानला हसू फुटलं, मग जाफरला. पण त्याला अजून एक अडचण होती. "सालिमला मी सांगून बसलोय. मगरिबच्या आत फोन, मग चावी त्याची. त्याने कॉफीचं मशीनही बघून ठेवलंय."

"फोन लाव."

"अम्मी, वडिलांनंतर तोच आता अर्बाब आहे. दुकान कागदावर त्याचंच."

"लाव म्हणते ना."

सालिमने फोन उचलला. गुलबानूची अरबी चाळीस वर्षं कोळ्यांशी बोलून तयार झालेली, व्याकरणाचा पत्ता नाही, पण जोर भरपूर. तिने हालहवाल विचारली, बायकोची, मुलांची, उंटाची, बोटीची. सालिमनेही तेवढंच विचारलं. खोलीतली चारही माणसं फोनभोवती गोळा झाली होती. मग ती म्हणाली, की जाफर चाललाय, पण ती नाही. शांताराम आहे, शुक्रवारी नुमान येईल, हिशेब तोच बघेल. आणि सालिम, तू दहा वर्षांचा असताना तुमच्या गोलाची जाळी कोण शिवून द्यायचं? मी त्या बदल्यात कधी काही मागितलं? आज मागते.

पलीकडून सालिम काहीतरी म्हणाला आणि मोठ्याने हसला.

"काय म्हणाला?" सगळे एकदम.

"म्हणतो, कॉफी शॉप पलीकडच्या गाळ्यात काढतो. म्हणतो, यल्ला, चला, पण त्याच्या मुलाच्या संघाची जाळी फाटलीय, ती आधी." गुलबानूने फोन जाफरच्या हातात दिला आणि चावी त्याच्या हातातून घेतली. "दोन वर्षं म्हणाला. मग बघू, इन्शाल्ला."

"आणि जाळी कशाने शिवणार, दादी?" उमामाने विचारलं. "सुया समुद्रात आहेत."

गुलबानू थोरल्याकडे वळली. "गावी उतरलास की अमरीनला भेट, मुलांना भेट, जेव. मग पहिलं काम, माझ्या सुया परत पाठव. काटवट पण. रंग बघायला नंतर जा."

"पाठवतो," जाफर म्हणाला. आता त्याला रडू येत होतं. आनंदाने, त्याला वाटलं होतं तसंच, फक्त माणूस बदलला होता.

बाहेर ऊन कलत होतं. मगरिबला अजून वेळ होता. गुलबानू उठली, चप्पल शोधू लागली. "नुमान, गाडी काढ. हलवा आणू."

"हलवा? अगं अम्मी, इल्यासला कोणी घेतलं नाही या वेळी. सहा क्लब नाही म्हणाले. कोणत्या खुशीत वाटायचा?"

"त्याला नाही घेतलं," गुलबानू चप्पल घालत म्हणाली. "मला घेतलं."